बाळ सांभाळणाऱ्या ताईंचा पोशाख कामाने ठरू द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत गेल्या महिन्यात एक ठराव बहुमताने संमत झाला. घरोघरी मुले सांभाळायला येणाऱ्या सर्व ताईंनी यापुढे मरून रंगाचा ठरावीक पॉलिस्टरचा अंगरखा घालूनच आवारात यावे, म्हणजे लिफ्टमध्ये आणि बागेत कामाला आलेले कोण आणि राहणारे कोण हे चटकन ओळखू येईल, असा तो ठराव आहे. दोन जोडांचे चौदाशे रुपये ताईंच्या पगारातून दोन हप्त्यांत कापून घ्यावेत, असेही त्यात म्हटले आहे. मी विरोधात हात वर केला, पण बोलण्याची संधी मिळाली नाही. म्हणून आपल्या वृत्तपत्राचा आधार घेत आहे.

मी एकतीस वर्षे मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते आणि आता आठ महिन्यांच्या नातवाला सांभाळणाऱ्या ताईंसोबत रोज दिवसभर घरात असते. त्यामुळे या विषयाकडे मी एकाच कसोटीने पाहते : बाळ हाताळताना बाईचे दोन्ही हात मोकळे राहतात की नाही. पदर सारखा खांद्यावरून घसरत असेल, वाकले की गळा सावरावा लागत असेल किंवा ओढणी पुढे येत असेल, तर एक हात कायम तिकडे गुंततो आणि बाळाच्या वाट्याला एकच हात उरतो. कपड्यातली शालीनता आणि सोय या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे अनेकांना वाटते. माझा अनुभव असा की, बंद गळ्याचा, गुडघ्यापर्यंत येणारा सैलसर सुती कुर्ता या दोन्ही गरजा एकदमच भागवतो. घरात ओढणी नसली तर काही बिघडत नाही, हे माझ्या वयाच्या बायकांनी आधी मान्य करायला हवे.

खाली सलवार असावी की लेगिंग्ज, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो आंघोळीच्या वेळी कळतो. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत पाटावर बसून, दोन्ही पाय लांब करून, पोटऱ्यांवर बाळाला आधी पालथे आणि मग उताणे घेऊन न्हाऊ घालतात. साडी गुडघ्यापर्यंत खोचता येते, सैल सलवार वर गुंडाळता येते. घट्ट लेगिंग्ज किंवा जीन्स मात्र वर सरकत नाही, ती ओली होते आणि ताईंना पुढचे चार तास त्या ओल्या कपड्यात काढावे लागतात. ज्यांना साडीचीच सवय आहे त्यांनी ती जरूर नेसावी, पण खांद्यावर पिन लावू नये आणि पदर कमरेला घट्ट खोचावा. पदराची उघडी पिन बाळाच्या गालावर कानापर्यंत ओरखडा काढून गेलेली मी स्वतः पाहिली आहे. आणखी दोन बोटे वर डोळा होता.

केसांचे तर पालकांना सांगूनही खरे वाटत नाही. चार महिन्यांचे एक बाळ रात्रभर रडते म्हणून आमच्या वॉर्डात आणले होते. पोट, कान, ताप, सगळे तपासून झाले आणि शेवटी पायमोजा काढल्यावर दिसले की अंगठ्याजवळच्या बोटाला एका लांब केसाचा वेढा बसून ते बोट सुजून जांभळे झाले आहे. भिंगाखाली धरून तो केस कापावा लागला. त्या दिवसापासून मी प्रत्येक आईला, आजीला आणि ताईला केस वर घट्ट बांधायला सांगत आले आहे.

दागिन्यांचा विषय नाजूक आहे आणि तो हुकूम सोडून सुटत नाही. काचेची बांगडी पिचते, अंगठीचा खडा लागतो, हे ताईंनाही कळते. मंगळसूत्र काढून ठेवा असे मी कोणाला कधीच म्हणणार नाही. मात्र बाळाने हिसका दिला, दोरा तुटला आणि काळे मणी जमिनीवर पसरले, तर त्यातला एखादा तोंडात जायला वेळ लागत नाही. आमच्या ताईंनी स्वतःच तोड काढली : आखूड मंगळसूत्र कुर्त्याच्या आत, काचेच्या चुड्याऐवजी हातात एकेकच गुळगुळीत बांगडी. मी फक्त कारण सांगितले होते.

आता त्या मरून अंगरख्याविषयी. पॉलिस्टर घाम शोषत नाही, बाळाने खांद्यावर दूध ओकले तर तेही शोषत नाही, आणि मे महिन्यात अशा कापडाला गाल टेकवून झोपलेल्या बाळाच्या अंगावरही घामोळे येते. लहान मूल ताईंच्या खांद्याचे कापड चोखत असते, हे ठराव लिहिणाऱ्यांनी बहुधा पाहिलेले नाही. जोड दोनच असतील, तर जुलैच्या झडीत दुसरा वाळेपर्यंत पहिला ओला झालेला असतो.

गणवेशाला माझा सरसकट विरोध नाही. मी तो आयुष्यभर अभिमानाने घातला, कारण वॉर्डातल्या घाबरलेल्या नातेवाइकाला हाक कोणाला मारायची हे त्यातून कळायचे. बागेतल्या बाळाला त्याची ताई कोण हे आधीच ठाऊक आहे. फाटकावरच्या सुरक्षेसाठी ओळखपत्र पुरेसे असताना अंगावरच्या रंगाने माणसे वेगळी काढायची, हे मला पटत नाही. पालकांनी अपेक्षा जरूर सांगाव्यात : स्वच्छ धुतलेले कपडे, कापलेली नखे, उग्र अत्तर नको, बागेत जाताना टाचेला पट्टा असलेली सपाट चप्पल. त्या पहिल्याच दिवशी, घरात, समोरासमोर सांगाव्यात.

आणि ज्याला विशिष्ट कपडा हवा असेल त्याने तो विकत घेऊन द्यावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी करार क्रमांक 189 आणि त्यासोबत शिफारस क्रमांक 201 स्वीकारली. कामासाठी लागणारा गणवेश आणि त्याची धुलाई यांचा खर्च कामगाराच्या वेतनातून कापू नये, असे त्या शिफारशीत स्पष्ट म्हटले आहे. भारताने त्या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा आहे, पण त्याचा भर नोंदणी आणि कल्याणकारी योजनांवर आहे. तेव्हा कायद्याची वाट न पाहता आपणच हे पाळायला हवे.

आमच्या ताई दोन बस बदलून येतात. येताना त्यांच्या अंगावर इस्त्रीची साडी असते, कारण बसमध्ये त्या कोणाच्या कामवाल्या नसतात. घरी आल्यावर हातपाय धुऊन त्या कपडे बदलतात. त्यासाठी आम्ही कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला आहे. त्यात आम्ही आणलेले चार सुती कुर्ते, तीन सलवारी, एक टॉवेल आणि घरात घालायच्या चपला असतात, आणि ते कपडे आमच्याच मशीनमध्ये धुतले जातात.

ठरावाचा फेरविचार व्हावा, अशी लेखी सूचना मी संस्थेच्या सचिवांकडे दिली आहे. तळमजल्यावरची न्हाणीघर असलेली खोली आज मोडक्या खुर्च्यांनी भरलेली आहे. ती रिकामी करून, आतून कडी बसवून, ताईंना कपडे बदलण्यासाठी द्यावी, अशीही विनंती त्यात केली आहे. इतर संस्थांमध्ये अशी सोय असल्यास तेथील वाचकांनी ती कशी चालते हे आपल्या वृत्तपत्रातून अवश्य कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, कोथरूड, पुणे