पणजीच्या वहीतील पाच ओळी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मागच्या भेटीत कसबा पेठेतील जुन्या वाड्याची जी जन्मवही तुम्ही माझ्या हाती दिलीत, ती मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडून वाचून घेतली. पणजीआजीला नऊ मुले झाली आणि चार राहिली, हे आपण ऐकत आलो आहोत. गेलेल्या पाचांपैकी तिघांच्या नावापुढे तारीख आणि "ताप" एवढाच शब्द आहे. उरलेल्या दोघांपुढे कारण नाही आणि नावही नाही, कारण एक सातव्या दिवशी गेले, दुसरे नवव्या; बारशापर्यंत कोणीच पोहोचले नाही.

सरकारी मृत्यूनोंदीतही त्या काळी बहुतेक मरणे "ताप" याच सदरात जात, कारण नोंद करणारा वैद्य नसे आणि पुष्कळदा रोग्याला डॉक्टरने पाहिलेलेही नसे. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाचा दाह, सारे त्या एका शब्दात मावत असे. त्या दोन तान्ह्यांविषयी मात्र डॉक्टर म्हणून मला दाट शंका धनुर्वाताची येते. घरातल्या विळ्याने नाळ कापायची आणि वर राख किंवा शेण लावायचे, ही तेव्हाची रीत होती, आणि त्यातून जडणारा धनुर्वात पहिल्या आठवड्यातच दिसू लागतो. पाचवीला सटवी पुजताना बायकांच्या मनात जी धास्ती असे, ती उगाच नव्हती.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावली. हा आकडा काहीसा फुगलेला आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला माहेरी जात, म्हणजे जन्म गावी नोंदला जाई आणि मृत्यू शहरात. परंतु तो निम्मा धरला तरी तीन मुलांमागे एक मूल जात होते.

पुण्यात त्यावर प्लेगची भर होती. वाड्यातल्या कणग्यांमागे उंदीर असत. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांनी घरे धुतली, माणसे हलवली, पण उंदरांवरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. त्याच १८९७ च्या १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्यांच्या घरात रोग शिरला तो कुणाच्या पायगुणाने, असे आपण कधी म्हणत नाही.

पणजीआजीला मात्र आपल्या घरात आजही "पांढऱ्या पायाची" म्हटले जाते. पाच मुले गेली आणि १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, पणजोबाही गेले, एवढाच तिचा अपराध. त्या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली आणि त्यांत विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसेच जास्त होती. आई, हा शब्द यापुढे आपल्या घरात कोणी उच्चारू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

बाबा, तुम्ही जी वंशावळ लिहीत आहात तिच्यात चारच मुले आहेत. पाचही जणांना जागा द्यावी, आणि बारशाआधी गेलेल्या दोघांच्या जागी वहीत आहे तसेच "मुलगा" आणि "मुलगी" असे लिहून पुढे तारखा घालाव्यात. तारखा सोबतच्या कागदावर उतरवून पाठवत आहे.

तुमची लेक