वारकरी दिसले, फोटो हलले

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी आईने तीनदा फोन लावला, ते मी संध्याकाळी पाहिलं. नांदूर मध्यमेश्वरला गेले होते, पक्ष्यांचे फोटो काढायला. एकटी नव्हते गं, ऑफिसातल्या दोघी होत्या.

पहाटेच नाशिकहून निघालो. निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचता. ती काय असते ते माझ्या बोटांना विचारा. चापडगावला पोचलो तर पाण्यावर नुसतं धुकं, आणि आतून कलकलाट. गोदावरी-कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणगवत माजलं. बंधारा बांधणाऱ्यांचं नुकसान, पण पक्ष्यांचं फावलं. २०२० साली हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं.

बाबा, इथे वारकरी नावाचा पक्षी आहे! काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, आणि कायम घोळक्यात. वरून भोवत्या घिरट्या घालायला लागला (शिकारी पक्षी, घारीसारखा), तशी सगळी मंडळी सरकत सरकत एकमेकांना खेटली. मग एकदम पाण्यावरून पळत सुटली, थपाथप पाय आपटत. तोच फोटो मला हवा होता. पण धुक्यात उजेड नव्हता म्हणून शटर १/६० वर, म्हणजे सावकाश ठेवलेलं, ते ऊन आल्यावर बदलायचं राहिलं. चाळीस फोटो, चाळिसांतही काळे फराटे. 'एवढे पैसे घालून हे?' असं बाबा म्हणणार, माहीत आहे.

जांभळी पाणकोंबडी मात्र छान मिळाली. लालभडक चोच, आणि लांबलचक बोटांच्या पंजात देठ धरून सोलून खात होती. आई, तू उसाचं कांडं खातेस ना, अगदी तश्शी.

हललेल्यांतला एक फोटोही पाठवतेय. बाबा, वाखरीच्या रिंगणात धावताना असंच दिसायचं का हो? फेब्रुवारीत या दोघं. पक्षी बघायच्या मनोऱ्याला जिना आहे, पण गुडघ्याला त्रास नको. काठावरूनही भरपूर दिसतं.

आणि आई, बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे विणता येतील का? नेहमीचे घातले की बटण दाबता येत नाही. रंग मातकट घे. लाल नको, पक्षी उडतात.

तुमची,
ताई