चाकाची आउट

मिरज

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दिवस जातो, पण कशातच जीव लागत नाही." मी "होईल गं सगळं नीट" म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर मला झोप नाही. असं वरवरचं बोलून तुझी बोळवण करायला नको होती. म्हणून आज दुकान तासभर उशिरा उघडायचं ठरवून लिहायला बसलोय.

तू दिवाळीत ठेवून गेलेलं मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय यांचं पुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. चार महिने लागले, पण सोडलं नाही. महायुद्धाच्या काळात हा माणूस लहान होता, इटलीत कैद्यांच्या छावणीत होता, आणि बुद्धिबळाचा पट समोर आला की त्याला भोवतालचं सगळं विसरायला व्हायचं. मोठेपणी त्याने डोंगर चढणाऱ्यांना, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना, चित्रकारांना विचारलं, काम करताना काय वाटतं? कितीतरी जणांनी सांगितलं, प्रवाहात वाहत गेल्यासारखं. आपण तंद्री लागणं म्हणतो, तेच हे. ते वाचताना मला आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान दिसत होतं.

मी चौदा वर्षांचा असताना वस्तादांकडे कामाला लागलो. पंक्चर, चेन, ब्रेक लवकर जमलं. चाकाची आउट काढणं, म्हणजे डगमगत फिरणारं चाक सरळ करणं, मात्र जमेना. काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला 32 स्पोक, मागच्याला 40. रिम उजवीकडे झुकली की त्या जागी उजवे स्पोक सैल करायचे, डावे आवळायचे. ऐकायला एवढंच. मी घाईत अर्धा-अर्धा फेरा आवळायचो, मग रिम डावीकडे जायची, मग ती ओढायला जावं तर चाक वर-खाली उड्या मारायला लागायचं. पहिलं चाक मी दुपारी धरलं आणि अंधार पडेपर्यंत ते होतं त्याहून वाईट करून ठेवलं.

वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली स्पोक आवळायची चावी काढून घेतली आणि खडूचा तुकडा दिला. सायकल उलटी ठेवायची, चाक हळू फिरवायचं आणि चाक धरणाऱ्या चिमट्याला बोट टेकवून खडू रिमच्या अगदी जवळ धरायचा. जिथे रिम बाहेर आलीय तिथेच पांढरी रेघ उमटते. आठ दिवस मी फक्त रेघा काढल्या. नवव्या दिवशी चावी परत मिळाली, "पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही" या अटीवर. पाव फेरा, चाक फिरव, खडू धर. रेघ वीतभर होती ती चार बोटांची झाली. पुन्हा पाव फेरा. मग दोन बोटांची. मग खडू नुसता खर्रकन वाजून गेला आणि रेघ आलीच नाही. मान वर केली तर रस्त्यावरचे दिवे लागले होते. मधली वेळ कुठे गेली ते मला आजही सांगता येणार नाही.

सायली, मला जे सांगायचंय ते या खडूत आहे. तंद्री लागते ती काम उत्तर देतं म्हणून. पाव फेरा दिला की चाक लगेच सांगतं, बरोबर की चूक. तुझी आई भाकरी थापते तेव्हा परातीत भाकरी हाताखाली आपोआप फिरायला लागली की तिला कळतं, पीठ नीट मळलं गेलंय. आपल्या मागच्या गल्लीतले सतारमेकर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तारेचा नाद जुळवतात, तेव्हा तर तारेखालच्या घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची आणि कान लावायचा. मी तिथे तासन् तास उभा राहिलोय. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला. पण तो गोडवा त्या एकेका घासण्यात आणि ऐकण्यात तयार होतो.

तुझ्या कामाचं उत्तर तुला वर्षातून एकदा मिळतं, तेही साहेबांच्या खोलीत. मग जीव कसा लागावा? तुझ्यात काही खोट आहे, हे आधी मनातून काढ. तुला खडू नाही, एवढंच. तो तूच शोधायला हवास. सकाळी बसताना कागदावर एकच गोष्ट लिही, जी दुपारपर्यंत झाली की नाही हे तुझं तुलाच दिसेल. हाताला थोडी जड जाईल अशी, पण पेलवेल अशी. फार सोपी असेल तर मन भटकतं, फार अवघड असेल तर घाबरतं. आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. चाक फिरत असताना मी गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलत नाही, तुला माहीत आहे.

रविवारी दिवसभर लोळूनही संध्याकाळी शिणल्यासारखं वाटतं म्हणालीस. त्या पुस्तकातल्या चिक्सेंटमिहाय यांनी कामावर जाणाऱ्या लोकांना आठवडाभर पेजर दिले होते. दिवसातून आठेक वेळा तो वाजला की काय करतोय, कसं वाटतंय ते वहीत लिहायचं. निघालं असं, की फावल्या वेळेपेक्षा कामात लोक जास्त रंगलेले असायचे, आणि तरीही मनात यायचं की काम नको. म्हणून रविवारीही हाताला काहीतरी दे.

आता एक गोष्ट माझी. तू दुसरीत होतीस. मी एका जुन्या चाकात असा बुडालो की शाळा सुटल्याचं भानच राहिलं नाही. आलो तेव्हा तू फाटकाशी शिपायाच्या स्टुलावर बसली होतीस, दप्तर पोटाशी धरून. रडली नव्हतीस. "तुम्ही विसरला ना?" एवढंच म्हणालीस. तेरच्या गोरा कुंभाराची कथा आपण भक्तीची म्हणून सांगतो, पण त्या दिवसापासून मला त्यातलं चिखलाखालचं मूलच दिसतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गजराचं घड्याळ आणलं, ते तुला आठवतं. ते कशासाठी आणलं, हे मी कधी बोललो नव्हतो. त्या संध्याकाळची माफी आज मागतो.

गणपतीला येशील तेव्हा तुझी जुनी लेडीज सायकल माळ्यावरून काढून ठेवतो. मागचं चाक बरंच आउट आहे, मी हात लावलेला नाही. चावी गल्ल्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि खडूची नवी पेटी आणलीय.

तुझा,
बाबा