इन्फ्लुएन्सरची यादी टूल देतं, विश्वास नाही देत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या खतं-औषधांच्या कंपन्यांपासून निवडणुकीच्या उमेदवारांपर्यंत सगळ्यांची एकच मागणी असते, आम्हाला आमच्या भागातले इन्फ्लुएन्सर शोधून द्या. मी नाशिकला डिजिटल मार्केटिंगमध्येच आहे, सोशल मीडियावर लक्ष ठेवणारी टूल्स रोज वापरतो आणि त्यांच्या विरोधात अजिबात नाही, कारण ब्रँडवॉच, टॉकवॉकरसारख्या टूलमध्ये शब्द टाकले की कोण काय बोलतंय आणि कुणाला किती प्रतिसाद मिळतोय ते लगेच कळतं, हाताने शोधत बसलं तर हंगाम संपून जाईल. पण त्यातून निघालेली यादी जशीच्या तशी उचलून पैसे वाटायचे हे जे चाललंय ते बरोबर नाही.

द्राक्षाचंच घ्या. ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीकडे डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांशिवाय दुसरा विषय नसतो. आता टूलमध्ये 'डाऊनी' टाकलं तर हॉलिवूडचा रॉबर्ट डाऊनी पण येतो, आणि आपले लोक डावणी, डाउनी, कधी इंग्रजी अक्षरांत असं काहीही लिहितात, ते सगळे प्रकार कुणीतरी माहितगाराने बसून भरायला लागतात. पानाचा फोटो टाकून नुसतं "दादा हे काय पडलंय" विचारणारा तर शब्दावरून सापडतच नाही. आणि त्याला उत्तर देणारा बागायतदार, ज्याच्या सांगण्यावरून निम्मं गाव फवारणी पुढे-मागे करतं, तो असतो व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथलं बोलणं टूलला दिसत नाही, आणि दिसूही नये, ते लोकांचं खासगी बोलणं आहे. मग यादीत वर कोण येतं, तर ट्रॅक्टरवर रील करणारा पोरगा. त्याचे फॉलोअर्स खरे असतील, पण औषध कुठलं मारायचं ते त्याला कुणी विचारत नाही.

माणसाचं वजन एका आकड्यात मोजायचा प्रयोग आधी होऊन गेलाय. क्लाउट नावाची साइट 2008 पासून प्रत्येकाला 100 पैकी स्कोअर द्यायची, एकेकाळी त्यात गायक जस्टिन बीबर ओबामांच्या वर होता. 2018 च्या मे महिन्यात ती बंद पडली, तरी आपल्याकडचे क्लायंट अजून स्कोअरच मागतात.

माझं म्हणणं इतकंच की यादी आली की कमेंट वाचा, खाली शेतकरी प्रश्न विचारतायत की नुसते बदाम आणि इमोजी आहेत ते बघा. गावातल्या कृषी सेवा केंद्रात फोन करा, दोन-तीन ठिकाणी एकच नाव निघालं तर त्या माणसाला जाऊन भेटा, बागेत उभं राहून बोला, आधी त्याचं ऐकून घ्या. लगेच रेट विचारू नका, चांगली माणसं तिथेच तुटतात.

आणि पैसे किंवा फुकट माल दिला असेल तर ते व्हिडिओत मराठीत स्पष्ट सांगायला लावा. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था ॲस्की, तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम 2021 पासून आहेत, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड आहे. तरी औषधांच्या कितीतरी व्हिडिओंवर 'जाहिरात' हा शब्द शोधून सापडत नाही. छाटणीच्या आधी तुमच्या कृषी पुरवणीत यावर एक सविस्तर बातमी करावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक