खोकल्याचा रकाना कुठे आहे?

संपादक महोदय,

निर्वासितांच्या छावण्यांतल्या श्वसनरोगांवरचा रविवारचा लेख वाचला. हा विषय घेतलात, याबद्दल आभार. पण बांगलादेशातल्या कॉक्स बाजारची साथ त्यात एका ओळीत उरकलेली पाहून वाईट वाटलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये रोहिंग्यांच्या छावण्यांत घटसर्प (डिप्थेरिया) उसळला. संशयित रुग्ण आठ हजारांवर गेले, चाळीसहून जास्त माणसं दगावली. तिथल्या अनेक डॉक्टरांनी तो रोग आयुष्यात पाहिलेला नव्हता. प्रतिविष लवकर दिलं तरच उपयोग, म्हणून पहिला रुग्ण ओळखणारी नजर हवी.

लेखात सगळा भर जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या पेटीवर आहे, साथीची चाहूल लवकर लागावी म्हणून रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या साधनांच्या. मोबाईल, लॅपटॉप, सौरऊर्जा. एका पेटीवर ५० दवाखाने आणि सुमारे पाच लाख माणसांची नोंद. चांगलीच सोय आहे. पण त्या मोबाईलमध्ये आकडा भरण्याआधी कुणीतरी मुलाच्या छातीकडे मिनिटभर बघत बसावं लागतं.

मी ३४ वर्षं परिचारिका होते. ऑगस्ट २०२४ मध्ये इथे बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही एका शाळेतल्या निवारा केंद्रात होतो. पावसामुळे खिडक्या बंद, सतरंजीला सतरंजी लागलेली. दुसऱ्या रात्री शेजारचं दीड वर्षाचं मूल धापा टाकायला लागलं. घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला ५६. त्या वयात ४० झाले तरी न्यूमोनियाचा संशय धरायचा असतो. सकाळी तपासणीला आलेल्यांना सांगितलं. त्यांच्या वहीत रकाने होते ताप, जुलाब आणि सर्पदंशाचे. खोकल्याचा नव्हताच. "बेन, पावसात खोकला तर असणारच," म्हणाले आणि पान उलटलं. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागून लिहायला घेतलं. संध्याकाळपर्यंत त्या एका वर्गात खोकणारे अकरा, त्यातल्या तीन मुलांचा श्वास जलद. तो कागद घ्यायला कुणी आलं नाही. त्या मुलाला बापाने खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून दवाखान्यात नेलं, म्हणून ते वाचलं. माझा राग अजून गेलेला नाही.

आपल्या निवारा केंद्रांच्या वह्यांत आता तरी खोकल्याचा रकाना आलाय का, हे पुढच्या पावसाआधी तुमच्या वार्ताहराने जाऊन पाहावं. आणि कृपा करून 'डिप्थेरिया'च्या शेजारी 'घटसर्प' छापत जा. माझ्या शेजारच्या आजींनी अख्खा लेख वाचला आणि मग मला विचारलं, हा कुठला नवीन रोग गं?

– एक निवृत्त परिचारिका, बडोदा