विषय : आपल्या कॉमिकच्या नायकाची गेल्या तीन अंकांत हरवलेली बुद्धी

प्रति,
संपादक व व्यवस्थापक,

काल आपल्या ग्राहक कक्षाशी चौथ्यांदा बोलणे झाले आणि हे पत्र लिहिण्यावाचून मार्ग उरला नाही.

आपल्या नायकाच्या अंगी काय काय आहे, हे आपल्याला सांगायला नको. चार भिंतींपलीकडच्या माणसाच्या काळजाचे ठोके त्याला ऐकू येतात, हे आपणच छापले आहे. असे असताना ध्वनिमुद्रित किंकाळीला तो लागोपाठ तीन अंकांत भुलतो आणि तिन्ही वेळा त्याच खलनायकाच्या सापळ्यात अडकतो. जिच्यामागे ठोके नाहीत ती किंकाळी खोटी, हे वाचकाला पहिल्याच चौकटीत कळते. त्याला मात्र कळत नाही.

तो शास्त्रज्ञ असावा, अशी माझी मागणी नाही. १९६२ साली आलेल्या स्पायडरमॅनने जाळे फेकण्याचे यंत्र शाळकरी वयात स्वतः बनवले. ते त्या पात्राला शोभते. परंतु ज्याच्या अंगात इतके बळ आहे, त्याला त्या बळाचे परिणाम समजण्याइतकी अक्कल हवीच, कारण इतरांच्या चुकीने काच फुटते आणि याच्या चुकीने इमारत कोसळते.

ताज्या अंकात शंभर मीटर खाली पडत आलेल्या मुलीला तो जमिनीलगत ताठ हातांवर झेलतो. हवेचा विरोध सोडला, तर तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर असणार आणि अर्ध्या मीटरच्या आत तिला थांबवले, तर तिच्या शरीराला तिच्या वजनाच्या सुमारे २०० पट जोराचा हिसका बसणार. ते हात आणि खालची जमीन यांत तिच्या दृष्टीने फारसा फरक नाही. १९७३ साली स्पायडरमॅनने पडणाऱ्या ग्वेनला, म्हणजे आपल्या प्रेयसीला, जाळ्याने एकदम अडवले आणि तिची मान मोडली. म्हणजे ही गोष्ट कॉमिकच्या जगाला तेव्हापासून ठाऊक आहे. आपला नायक तर उडू शकतो. वरूनच तिच्याबरोबर खाली येत तिला हळूहळू सावरणे त्याला सहज जमले असते.

हे सांगू लागताच आपल्या प्रतिनिधींनी मला मध्येच तोडून विचारले, ‘‘अंक मुलासाठी घेता का?’’ स्वतःसाठी घेतो, असे मी म्हणालो. पलीकडे कोणीतरी हसू दाबल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. मग ते म्हणाले, ‘‘अहो, एवढी ताकद आहे, त्याला डोके कशाला हवे? तो हुशार झाला तर गोष्ट दोन पानांत संपेल.’’ मग खलनायकाला अधिक हुशार करा, असे मी सुचवले. ‘‘नोंद घेतो,’’ असे उत्तर आले. मी नोंदीचा क्रमांक मागितला, तेव्हा फोन ठेवला गेला. गोष्ट लांबवण्यासाठी नायकाला मूर्ख ठेवावे लागते, ही कबुली आपल्याच कार्यालयातून ऐकावी लागली, याचा संताप अजून उतरलेला नाही.

सुरुवातीच्या अंकांत भिंत फोडण्यापूर्वी तो तिला तळहात लावून क्षणभर थांबत असे. पलीकडे कोणी उभे तर नाही ना, हे पाहत असे. त्या एका चौकटीसाठी मी आपला वाचक झालो. आता तो सरळ भिंतीतून घुसतो आणि त्याच खोट्या किंकाळीकडे धावतो, तिसऱ्यांदा.

पुढील अंकात तो हात पुन्हा भिंतीवर टेकलेला दिसला नाही, तर माझी वर्गणी रद्द समजावी आणि उरलेल्या अंकांची रक्कम परत करावी.

आपला एक जुना वर्गणीदार