कटाडिनच्या कातळावर भेटलेल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बॅक्स्टर स्टेट पार्कात मोबाइलला रेंज नाही, फोन सॅकच्या तळाशी, त्यामुळे नंबर घ्यावा हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. म्हणून हे उघड पत्र. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी कटाडिन डोंगराच्या हंट ट्रेलवर सळ्यांच्या टप्प्यात अडकलेली तेरा वर्षांची मुलगी आणि खालून तिच्यावर ओरडणारी तिची आई आठवत असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

ज्यांनी तो डोंगर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कटाडिनची उंची ५,२६७ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सव्वाशे-दीडशे फुटांनी कमीच. पण हंट ट्रेल पायथ्याच्या कॅम्पग्राउंडपासून ५.२ मैलांत चार हजार फुटांहून जास्त चढतो, आणि झाडी संपली की वाट अशी उरतच नाही. एकावर एक रचलेले ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे, त्यांवर ॲपलेशियन ट्रेलचे, म्हणजे जॉर्जिया राज्यापासून या शिखरापर्यंत येणाऱ्या लांबलचक पायवाटेचे, पांढरे पट्टे, आणि जिथे हातापायाला काहीच मिळत नाही तिथे दगडात ठोकलेल्या लोखंडी सळ्या. चढताना नजर वर असते, म्हणून निभतं. उतरताना दोन पायांच्या मधून थेट खालची दरी दिसते. आपल्याकडचे ट्रेकर ज्याला दृष्टिभय म्हणतात ते काय असतं, ते मला तिथे लेकीच्या चेहऱ्यावर दिसलं.

ती पोटावर, दगडाला चिकटून. उजवा पाय हवेत, सळीच्या वीतभर वर. मी खाली, मला परत वर जाता येईना. "पाय सोड ना गं, आहे खाली सळी!" हे मी किती वेळा ओरडले असेन देव जाणे. आणि पाठीमागून आवाज आला, "ताई, तुम्ही आता काही बोलू नका. दोघांनी सूचना दिल्या की पाय गोंधळतो."

मेनच्या त्या कातळावर, मराठीत! मी गप्पच झाले.

तुम्ही बाजूच्या फटीतून तिच्या पायापर्यंत चढलात. मला वाटलं होतं, हात धराल, उचलून खाली घ्याल. तुम्ही तसलं काही केलं नाहीत. आधी तिच्या काठ्या खाली टाकायला लावल्यात. मग कळसूबाईला गेली आहेस का, विचारलंत. ती आजोबांबरोबर गेली होती. "तिथल्या शिड्या उतरलीस ना, तोंड डोंगराकडे करून? ही तीच शिडी, फक्त पायऱ्या लांब लांब लावल्यात." तिच्या बुटाला हाताचा नुसता स्पर्श करून म्हणालात, "माझा हात जागा दाखवायला आहे. वजन सळीवर टाक." तीन ठिकाणी पकड, मगच चौथं हलवायचं. सळीवर बूट टेकल्याचा आवाज झाला तेव्हा खाली खोळंबलेल्या दाढीवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. जॉर्जियापासून जवळजवळ २,२०० मैल चालत आलेली ती पोरं, शेवटचं शिखर दीड-दोन मैलांवर, आणि एकानेही घाई केली नाही. त्यांचेही आभार, जमलं तर कुणीतरी पोहोचवा.

पुढचा सगळा टप्पा तुम्ही तिला गोष्ट सांगत उतरवलंत. एका पकडीला एक वाक्य. पर्सिव्हल बॅक्स्टर नावाचा माणूस, मेनचा गव्हर्नर. हा डोंगर सरकारने घ्यावा म्हणून विधिमंडळाच्या मागे लागला. त्यांनी ऐकलं नाही. मग गव्हर्नरपद सुटल्यावर स्वतःच्या पैशाने विकत घेत सुटला. १९३१ साली शिखरासकट जवळजवळ सहा हजार एकर राज्याला देऊन टाकले. मग आणखी, मग आणखी, १९६२ पर्यंत. दोन लाख एकरांच्या वर. अट एकच, जंगल जंगलच राहिलं पाहिजे. "म्हणून इथे लाइट नाही, नळ नाही, आणि तुझ्या आईला फोन लावता येत नाही." यावर ती हसली. अजून दोन सळ्या बाकी होत्या.

काका, आम्ही शिखर करून येत होतो आणि तुम्ही वर चालला होतात. हे माझ्या खूप उशिरा ध्यानात आलं. अवघड टप्पा तुमचा जवळपास संपला होता; वर टेबललँडचा सपाट माळ, थोरो स्प्रिंगचा झरा आणि तिथून मैलभर शिखर. मी म्हटलं, तुम्ही जा आता. तर घड्याळ बघून म्हणालात, "नाही, आता अंधार होईल. आणि मला खाली सोबत मिळतेय." तिथलं पार्किंगचं आरक्षण मिळवायचं, सकाळी सातच्या आत गेट गाठायचं, एवढा खटाटोप करून आलेला माणूस हे किती सहज म्हणाला! खरं सांगते, मला नसतं जमलं. कटाडिन स्ट्रीम फॉल्सच्या धबधब्यापाशी तुम्ही पाण्यात पाय सोडून बसलात आणि आम्हाला पुढे पिटाळलंत, बहुधा आभार मानायची संधी मिळू नये म्हणूनच.

गाडीत लेकीने घाबरल्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. रेंज आल्या आल्या तिने बॅक्स्टर शोधला. तुमच्या सगळ्या सनावळ्या बरोबर निघाल्या म्हणून ती जरा नाराज झाली, तिला एक तरी चूक पकडायची होती.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा जाणार आहोत. आरक्षण गाडीमागे असतं, माणसामागे नाही, आणि आमच्या गाडीत एक जागा आहे. आदल्या रात्री मुक्काम पार्कजवळच्या मिलिनॉकेट गावाला, डबा आमच्याकडून. हे पत्र कुठल्याशा मंडळाच्या ग्रुपमधून फिरत तुमच्यापर्यंत आलं, तर फक्त 'येतो' एवढं कळवा. तारीख तुम्ही ठरवा.

आपली,
तिची आई